गुरूच्या फाईलमधली हाक

'झोप कमी झाली असेल' अशी कॉमेंट करायची असेल तर आत्ताच करून टाका. मी स्वतःलाही बरेच दिवस तेच सांगत होते.

पण हे घडलंय. कर्जतला, दहिवलीत, आमच्या राहत्या घरात. गेल्या नोव्हेंबरात.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

मी हुमा. पुण्यात पीएचडी करते. विषय गुरू ग्रह. गुरूचं चुंबकीय क्षेत्र इतकं जबरदस्त आहे की ग्रहाभोवती त्याचा एक अवाढव्य फुगा तयार होतो. सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा वारा त्या फुग्यावर आदळतो. अशा विद्युतभारित कणांच्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. गुरूभोवती फिरणारं यान या प्लाझ्मातल्या लहरी टिपतं, आणि त्या लहरी आवाजात बदलून ऐकता येतात.

माझं काम एवढंच. यान फुग्याच्या बाहेर कधी होतं आणि आत कधी गेलं, ते शोधायचं.

ऐकायला सोपं वाटतं ना?

तो फुगा एका जागी राहतच नाही. वारा वाढला की आक्रसतो, कमी झाला की फुगतो. त्यामुळे यान आत जातं, बाहेर फेकलं जातं, पुन्हा आत. माझा प्रोग्रॅम काही केल्या ती सीमा पकडत नव्हता. आमचे गाईड मनोज सर प्रबंधाचं प्रकरण परत पाठवत होते. दर वेळी तोच शेरा. 'सीमा नक्की कुठे आहे?'

वैतागून मी घरी आले. म्हटलं, इथे तरी शांतपणे लिहून होईल.

कसली शांतता. नेट जायचं, लाईट जायची. फाईल अर्धी उतरली की अडकायची.

घरात आम्ही तिघं. मोठा भाऊ इद्रिस, त्याचं कुंभिवलीला हायवेवर गॅरेज आहे, तो सकाळी जातो ते अंधार पडल्यावर येतो. मी. आणि हाजरा खाला, आमच्या अम्मीची बहीण. अम्मी गेल्यावर तिनंच आम्हाला वाढवलं.

खालाला जवळजवळ ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत, दाराची बेल कळत नाही. कानाचं मशीन घेऊन दिलं तर म्हणाली, 'डोक्यात मच्छर शिरल्यासारखं होतं,' आणि कपाटात ठेवून दिलं. तिच्याशी बोलायचं तर उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं.

हे लक्षात ठेवा.

त्या दुपारी मी हेडफोन लावून बसले होते. यानाच्या गुरूभोवतीच्या एका फेरीची फाईल चालू होती. आधी वाळू ओतल्यासारखी खसखस. मग एकदम गर्जना, म्हणजे यान सीमेशी आलं. आणि मग...

काहीच नाही.

आवाज तुटला. अशा जागा असतात. नोंद झालेली नसते, फाईलमध्ये नुसती शून्यं असतात.

तेवढ्यात खाला स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे.

"कोण हाक मारतंय गं?"

मी हेडफोन काढला. बाहेर कोणी नव्हतं.

"कोणी नाही, खाला!" मी तिच्या कानाशी ओरडले.

ती दाराकडे बघत राहिली. "आत्ता तर मारली..."

मी दुर्लक्ष केलं. कामाचा खोळंबा झाला म्हणून चिडलेच उलट.

दुसऱ्या दिवशी तीच फाईल. तीच गर्जना. तीच तुटलेली जागा.

आणि खाला पुन्हा दाराशी.

तिसऱ्यांदा मी मुद्दाम करून बघितलं. खाला मागच्या अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मी आतल्या खोलीत, दार लावून. आवाज फक्त माझ्या कानात. गर्जना झाली... शांतता आली...

"आले गं, आले!" मागून खालाचा आवाज.

मी हेडफोन काढून ठेवला.

मी बाहेर जाऊन तिच्या कानाशी विचारलं, "काय ऐकू आलं तुला?"

"तूच तर हाक मारलीस."

"मी?"

"तुझाच आवाज हाय ना. बाहेरून येतो. मला वाटलं दार लागलं, नि तू उन्हात अडकलीस."

मनोज सरांना फोन केला. भुताचं कसं सांगणार? एवढंच म्हटलं, की या फेरीत काहीतरी विचित्र आहे. ते म्हणाले, "डेटा गॅप आहे हुमा. त्यात काही नसतं. पुढे जा, आधीच उशीर झालाय."

इद्रिसला फाईल ऐकवली. त्याला माझ्यासारखीच शांतता ऐकू आली. "वय झालं तिचं. आणि तू पण जरा बाहेर पड घरातून," म्हणाला आणि जेवायला बसला.

कोणालाच सांगता येईना. सांगितलं तर कोणी ऐकून घेईना. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं.

मग ती दुपार आली.

प्रकरण पुन्हा परत आलं होतं. लाईट नव्हती. लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. खाला आत झोपली होती. म्हटलं, ती झोपेत आहे तोवर एकदाच, शेवटचं बघून घेऊ. ती फाईल सोडून पुढे जायला हवं होतं, कळत होतं. पण मी हट्टाला पेटले होते.

गर्जना. मग शांतता.

माझ्या मागून पावलं गेली. अनवाणी. भराभर.

वळून बघते तर खाला दाराशी. हात कडीवर.

"खाला, उघडू नकोस!"

तिला कुठलं ऐकू यायला.

मी धावले. हेडफोनची वायर पायात अडकली. तोवर कडी निघाली होती.

बाहेर पांढरं ऊन. गल्लीत एक माणूस नाही. रस्त्यावरून कायम टेंपो जातात, त्यांचाही आवाज नाही. कुत्रं नाही, कावळा नाही...

"किती वेळ उन्हात उभी राहिलीस गं," खाला म्हणाली. "ये. आत ये."

आणि ती बाजूला सरकली.

कुणाला तरी आत यायला वाट द्यावी, तशी.

मग तिनं दार लावलं. कडी घातली. माझ्या अगदी शेजारून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. खिडकीजवळच्या खुर्चीसमोर पाण्याचा पेला ठेवला.

खुर्ची रिकामी होती.

खाला तिच्याशी बोलायला लागली. हळू आवाजात. मध्येच थांबायची, मान हलवायची, हसायची. पुन्हा बोलायची.

ती थांबत होती... ऐकायला.

मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. तिनं माशी वारावी तसा हात हलवला.

त्या दिवसापासून माझा आवाज तिला कधीच ऐकू आला नाही.

इद्रिस तिला पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही गेले. तपासणी झाली. कान होते तसेच, काहीच फरक नाही. डॉक्टरांनी पाटीवर लिहून विचारलं, घरच्यांचं बोलणं समजतं का? खाला म्हणाली, "हुमाचं सगळं समजतं मला. लई बोलते पोरगी."

मी शेजारीच बसले होते.

फाईल मी पुसून टाकली. सरांनी ती फेरी वगळायला परवानगी दिली. घरात काही बदललं नाही. एकदा मी चुकून त्या खुर्चीत बसले, तर खाला रडायलाच लागली. "उठा हो तिथून. हुमा बसलीय."

'उठा हो'. परक्या बाईला म्हणावं तसं.

मी त्याच आठवड्यात पुण्याला निघून आले. इद्रिस अडवत होता. त्याच्या मते खालाला विसरायला होतंय, आणि मी पळ काढतेय. आम्ही भांडलो. बरेच दिवस त्यानं फोन केला नाही.

शेवटी ईदच्या आधी मीच केला.

संध्याकाळची वेळ. तो नुकताच गॅरेजवरून आला होता. मागे भांड्यांचे आवाज येत होते. घाईत होता, माझा नंबरही बघितला नसावा.

"भाई, ईदला येऊ का?" मी विचारलं.

"कुठून?"

"पुण्याहून. अजून कुठून?"

तो हसला. चिडलेला वाटत नव्हता. अगदी रोजचा, सहज आवाज.

"काय गं, आतल्या खोलीतून फोन करतेस? चहा टाकलाय म्हणालीस ना आत्ता? आण लवकर."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

पलीकडे कुणीतरी त्याला काहीतरी म्हणालं. शब्द कळले नाहीत. इद्रिस "हां, आलो" म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर मी खूपदा फोन लावला. वाजतो. तो उचलतोही. पण "हॅलो, हॅलो" करतो आणि म्हणतो, "आवाज येत नाय." ठेवून देतो.

दुसऱ्यांच्या फोनवरून केला, तरी तेच.

घरी जायला हवं, कळतंय मला. पुण्याहून कर्जत काही लांब नाही. पण मी दाराशी उभी राहिले, कडी वाजवली, आणि आतून माझ्याच आवाजात कुणी विचारलं, "कोण?"...

तर मी काय सांगू?