साठ फूट

मोजणीदारसाहेबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना अजून त्याच नावानं ओळखत. भावाभावांचे बांध, शेजाऱ्यांच्या भिंती, रस्त्यात गेलेली अंगणं, सगळं त्यांनी फुटाइंचात बसवून दिलं होतं. माणसं रडली, भांडली, पाया पडली, पण साहेबांचा आकडा कधी हलला नाही. त्याचा त्यांना अभिमान होता.

आता घर विकायचं होतं. गिऱ्हाईक तयार होतं, अट एकच: मागची बाग साफ करून द्या. बायको गेल्यापासून दोन वर्षं तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या पायरीशी नळ होता आणि नळापलीकडे लगेच घाणेरीची काटेरी भिंत उभी राहिली होती.

माळी आला तो पन्नाशीचा, कमी बोलणारा. पायरीवर उभा राहून बराच वेळ नुसता बघत राहिला.

"बारा हजार होतील साहेब."

"साठ बाय चाळीस आहे. तीन दिवसांचं काम. सात देईन, उक्ते."

"जागा मोठी वाटते."

"वाटण्यावर मोजणी होत नाही," साहेब म्हणाले.

माळ्याच्या हाताला दुसरं काम नव्हतं. त्यानं कोयता काढला.

साहेबांची बायकोही असंच म्हणायची. 'मागच्या टोकाला गेलं की परत येईतो दम लागतो हो. एखादा माणूस लावा.' तेव्हा साहेब हसून सांगत, साठ फूट म्हणजे वीस ढांगा, लहान पोरही पळत जाऊन येईल. चार दिडक्या वाचवायला त्यांनी माणूस लावला नाही. ती खुरपं घेऊन एकटीच जात राहिली. एका दुपारी गेली ती तिथंच कोसळली. साहेब पायरीजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत होते. दोन तासांनी चहाची वेळ टळली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, हाक मारली असती तर ऐकू आली असती. साठच तर फूट.

तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर तोडलेल्या झाडोऱ्याचा ढीग भिंतीच्या वर गेला. गाडीवाल्याच्या पाच खेपा झाल्या होत्या, तरी ढीग तेवढाच. साहेबांनी मनाशी हिशेब केला. एवढ्या जागेत एवढं उगवूच शकत नाही. माळी दुसरीकडचा पाला आणून इथं टाकतोय, काम फुगवून दाखवतोय, असा त्यांनी निष्कर्ष काढला. चौथ्या दिवसापासून ते पायरीजवळ खुर्ची टाकून पाळतीवर बसले. माळी सकाळी आत गेला की जेवायलाच बाहेर यायचा. कोणी काही आणत नव्हतं. फक्त कोयत्याचा आवाज रोज थोडा दूर जात होता.

पाचव्या दिवशी माळी बाहेर आला तो घामानं निथळत. नळाला तोंड लावून तो किती तरी वेळ पाणी प्यायला.

"चार हाका मारल्या साहेब. पाणी संपलं होतं."

"मी इथंच बसलोय. एकही ऐकली नाही."

"बसलेले दिसत होतात मला. पेपर होता हातात." माळ्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मध्ये हरभऱ्याचा दाणा मावेल एवढं अंतर होतं. "एवढेसे दिसत होतात."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. साहेबांनी हसत हसत माळ्याचा किस्सा सांगितला. मुलगी हसली नाही.

"बाबा, म्हणजे आईनंही हाक मारली असेल."

साहेबांनी फोन ठेवला.

सहाव्या दिवशी माळी लवकर बाहेर आला. पायरीवर बसला नाही, उभाच राहिला. आत एक बसका दगड आहे म्हणाला. भोवतीचं गवत खुरपलेलं आहे. कालचं नाही, आजचं. माती अजून ओली आहे.

"कोणी घुसलंय का आत?"

"बघितलं नाही. खुरप्याचा आवाज येतो. आपण थांबलो की तोही थांबतो."

सातव्या दिवशी तो आत गेला आणि तासाभरात अवजारं गोळा करून परत आला.

"माझे झाल्या कामाचे द्या. पुढं मी जाणार नाही."

"काम अर्धं टाकून?"

"उरलेलं साहेबच करतील, असं म्हणाल्या."

"कोण म्हणालं?"

माळी खाली बघत राहिला. "मला वाटलं, तुमच्या घरातल्याच असतील."

साहेबांच्या कपाळाची शीर उठली. हा माणूस बायकोचं मरण ऐकून आलाय आणि त्याच्यावर पैसे उकळतोय, हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्यांनी चार हजार मोजून पायरीवर ठेवले.

"सात दिवस राबलो साहेब. रास्त दाम तरी द्या."

"कागदावर साठ फूट आहे."

"कागदाला घाम येत नाही," माळी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता.

"रास्त काय ते मी मोजून सांगतो. किती काम केलंस ते उद्या आकड्यात ऐक."

माळ्यानं पैसे उचलले. फाटकाशी तो थांबला. "मोजू नका साहेब," एवढंच म्हणाला आणि गेला.

साहेबांनी कपाटातून शंभर फुटी टेप काढला. दुपारचं ऊन स्वच्छ होतं. टेपचं टोक नळाला अडकवून ते चालू लागले. माळ्यानं काम नेटकं केलं होतं, जमीन तळहातासारखी दिसत होती. वीस. चाळीस. दोन्ही बाजूंच्या भिंती आपापल्या जागी होत्या, एकमेकींपासून चाळीस फुटांवर.

साठवर मागची भिंत नव्हती.

साहेब थांबले. टेप कुठं वळलाय का पाहिलं. तो ताणलेला, सरळ होता. कुठंतरी चूक आहे, ती सापडेल, असं म्हणत ते पुढं निघाले. सत्तर. ऐंशी. तिथंही जमीन साफ केलेली होती. इंच न इंच.

ब्याण्णववर दगड होता. भोवतीची माती ओली होती. उपटलेलं गवत मुळं वर करून एका ओळीत मांडलं होतं.

खुरप्याचा आवाज त्यांच्या अगदी पाठीमागून येत होता. ते वळले तसा थांबला.

समोर घर होतं. काड्यापेटीएवढं. स्वयंपाकघराचं दार नखाएवढं.

"कोण आहे?" साहेबांनी विचारलं.



"बारा देतो," ते म्हणाले. आवाज कापरा आला, त्याची त्यांना लाज वाटली. "पुरे बारा देतो त्याला."

वारा नव्हता. एक पानही हललं नाही.

त्यांनी टेप हातात घट्ट धरला आणि घराच्या दिशेनं चालायला सुरुवात केली. टेप गुंडाळायला लागले, पण तो आत जाईना. उलट डबीतून सुटत राहिला. त्यांनी पावलं मोजली. दहा. वीस. नजर घरावरून हलवली नाही. घर तेवढंच राहिलं.

मग त्यांनी टेपवर बघितलं.

सत्त्याण्णव.

ते पळू लागले. नव्व्याण्णव. शंभर.

आता टेप संपायला हवा होता. हाताला हिसका बसायला हवा होता. बसला नाही. साहेब थांबले, चष्मा पुसला आणि वाकून पुढचा आकडा वाचला. कारखान्यातल्या त्याच काळ्या ठशात, त्याच नेटक्या अंतरावर, एकशे एक.