पुसलेला तारा

फोटो स्टुडिओत ती चेहरे स्वच्छ करायची. मुरूम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं... माउस फिरवला की गायब! म्हणून त्या दुपारी एका उंच, झोप न झालेल्या तरुणाने आकाशगंगेचा फोटो आणला, तेव्हा तिने सवयीने त्यातलाही एक पांढरा ठिपका पुसला आणि मोठ्ठी प्रिंट हातात दिली.

प्रिंट पाहून त्याचा चेहराच उतरला.

“इथे... एक तारा होता.”

“तो? धूळ होती ती. साफ केली. त्याचे वेगळे पैसे नाही घेत आम्ही,” ती हसली.

“धूळ नव्हती हो.” तो चिडला नाही, म्हणून तर ती जास्तच ओशाळली. “सुपरनोव्हा. मरताना फुटलेला तारा. बाबा आणि मी कित्येक वर्षं गच्चीवरून हीच आकाशगंगा टिपतोय, कधीतरी असं काही दिसेल म्हणून. आणि आता दिसला, तर बाबा हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर उद्याचीही खात्री देत नाहीत.”

मूळ फोटो होताच. तिने झटपट दुसरी प्रिंट काढली.

“दिसतोय ना आता?”

“हो.”

“नक्की? डोळ्यांत पाणी आहे तुमच्या.”

“...तुमच्याही.”

शाई ओली होती. प्रिंट गुंडाळली असती तर सगळं आकाश फासलं गेलं असतं. मग तिने शटर ओढलं आणि दोघं दोन टोकं धरून, चादर वाळत घालायला निघाल्यासारखी, भर रस्त्यातून तिरकी चालत गेली. त्याची पावलं लांब पडत होती. तिच्यासाठी तो हळू चालू लागला, आणि ते तिला फार आवडलं.

हॉस्पिटलच्या खाटेवरून बाबांनी चष्मा मागितला. बोट फिरत फिरत ठिपक्यापाशी थांबलं.

“हाच ना रे?”

“हो, बाबा.”

“गेला बिचारा. पण काय थाटात गेला!” ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, “आता हा गच्चीवर एकटाच बसणार बघ. जेवायचंही भान नसतं याला.”

“बाबा, नका ना...”

त्याचा तो आवाज तिला सहन होईना. ओळख जेमतेम दुपारची. पण हा माणूस एकटा बसलेला तिला नको होता, एवढं तिला पक्कं कळलं.

“मी बसेन त्याच्यासोबत.”

बाबांनी तिला नीट न्याहाळलं. “थंडी फार असते हं वर.”

“स्वेटर आहे माझ्याकडे,” ती म्हणाली, आणि मग मात्र त्याला रडू आवरेना.