पुढाकार

स्वयंपाकघराच्या दारावर पाळ्यांचा कागद चिकटवलेला होता. डावीकडे भाऊ, उजवीकडे बहिणी. भावांनी खुर्च्या मांडायच्या, बहिणींनी चहा करायचा. त्या शनिवारी दोन्ही रकान्यांत एकेकच नाव होतं, आणि उजवीकडचं माझं होतं.

आमच्या चर्चच्या मंडळीत दर शनिवारी दुपारी जोडप्यांचा वर्ग भरायचा. ज्यांची लग्नं झाली किंवा ठरली, ती माणसं आत बसत. ज्यांचं काहीच झालं नव्हतं, त्यांनी वरकामं करायची. मी एकतीस वर्षांची. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी, भाड्याची एक खोली, एक ताट, एक वाटी. माझा शनिवार मोकळाच असे.

मी पातेल्यात पाणी ओतत होते. बाहेर लोखंडी खुर्ची आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कुणीतरी अगदी हळू "आई गं" म्हणालं.

जाऊन पाहिलं. एक उंच, किडकिडीत माणूस बोट तोंडात धरून उभा होता.

"चिमटलं?"

"नाही... म्हणजे हो. दाखवायचं नव्हतं."

"का?"

"पहिलीच ओळख आहे."

मला हसू आलं. मी त्याला बोट नळाखाली धरायला लावलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. वडील गेल्यापासून दुकान एकटाच चालवत होता. मंडळीत सगळे त्याला घड्याळजीच म्हणत.

"या खुर्च्या माझ्या बोटांवर टपलेल्या असतात," तो म्हणाला. "आणि माझं पोट या बोटांवर आहे."

"चहा करता येतो?"

त्याने दाराकडे पाहिलं. "येतो. पण ते..."

"दार लोटून घ्या. खुर्च्या मी मांडते."

अशी आमची अदलाबदल सुरू झाली. मी सहाच्या आठ रांगा लावायची, रेषेत, मधली अंतरं सारखी. तो आत चहा उकळायचा. वर्ग संपल्यावर एक ज्येष्ठ भाऊ कप खाली ठेवत म्हणायचे, "या बहिणीच्या हाताला चव आहे हो." मी मान लववायची, आणि आत घड्याळजी कपबशा विसळता विसळता लाल व्हायचा.

स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामध्ये कप सरकवण्यापुरती एक खिडकी होती. तिच्यातून पाळकसाहेबांचा आवाज यायचा. पुरुष हा घराचं मस्तक. त्याने ठरवावं, पुढे व्हावं, कुटुंबाचा भार खांद्यावर घ्यावा. पत्नीने आदराने साथ द्यावी. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. घड्याळजी मात्र चमचा हातात धरून, मान वाकवून ऐकायचा. आपल्याला न जमणारा धडा मन लावून ऐकणाऱ्या विद्यार्थ्यासारखा.

"तुमच्या दुकानात कोण ठरवतं?" एकदा मी विचारलं.

"घड्याळ ठरवतं. ते उघडल्याशिवाय मला काही सांगता येत नाही."

"मग पाळकसाहेबांच्या हिशेबाने तुम्ही नापास."

"ते तर मला कधीचंच माहीत आहे... ताई."

'ताई' म्हणताना तो थोडा अडखळला. आमच्या मंडळीत हीच पंचाईत. ज्याच्यासाठी शनिवारची वाट पाहायची, त्यालाही भाऊच म्हणायचं.

पाच वाजता जोडपी जोडीजोडीने निघून जायची. तो पुढच्या फाटकाने, मी मागच्या. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? खोलीवर आले की ती दुपार मी सावकाश पुन्हा आठवायची, आणि पुढच्या शनिवारपर्यंत ती पुरायची.

पाचव्या महिन्यात माझी बदली आली. सहा तासांच्या अंतरावर, धरणाजवळच्या नव्या प्रयोगशाळेची सगळी जबाबदारी माझ्याकडे. नाकारायची असेल तर महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. मी शनिवारी त्याला सांगितलं.

त्याने साखर घातली. पुन्हा घातली.

"जाणार?"

"अजून ठरवलं नाही."

"बरं."

मी थांबले. त्याने आणखी एक वाक्य बोलावं, एवढंच मला हवं होतं. तो ढवळत राहिला. मी स्वतःच विचारायला हवं होतं. आमच्याकडे बाई विचारत नाही हे खरं, पण मला मंडळीच्या रीतीने जेवढं अडवलं नाही तेवढं माझ्या भित्रेपणाने अडवलं. त्या दिवशीचा चहा गोडमिट्ट झाला होता.

मला नंतर कळलं, त्याच संध्याकाळी तो पाळकसाहेबांकडे गेला होता. ते म्हणाले होते, "पोरा, तू सज्जन आहेस, पण ढिला आहेस. पुढाकार घे. मस्तक विचारत बसत नाही."

बुधवारच्या प्रार्थनासभेत तो उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, आवाज नेहमीपेक्षा मोठा.

"देवाचे आभार मानायचे आहेत. दुकानामागे दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या महिन्यात आमचं लग्न करायचं ठरवलं आहे." त्याने माझ्या बाजूला हात केला. "ताई बदलीला नकार कळवणार आहेत."

टाळ्या झाल्या. बायकांनी मला मिठ्या मारल्या. कुणीतरी कानात म्हणालं, "शेवटी सुटलीस गं बाई." पाच महिने ज्याची वाट पाहिली, ते माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचलं होतं.

सभेनंतर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"मला कुणी विचारलं?"

"मला वाटलं... तुम्हाला बरं वाटेल. कुणीतरी ठरवलं म्हणजे."

"दिवसाला चाळीस नमुने तपासते मी. पाणी पिण्यालायक आहे की नाही, ते मी ठरवते. आणि माझं लग्न मला टाळ्यांवरून कळतं?"

"पुढाकार घे म्हणाले."

"घेतलात. मी मागे राहिले आहे, ते वळून पाहिलंत का?"

दोन दिवस आधी विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते, कदाचित बदलीही सोडली असती... हे मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात कळवलं की मी जाते आहे. त्यानंतरच्या शनिवारी मी पाळीला गेले नाही. दिवसभर खोलीत पुस्तकं खोक्यांत भरत बसले.

रविवारी उपासनेत तो पुन्हा उभा राहिला. या वेळी आवाज बारीक.

"बुधवारी बोललो ते मी एकट्याने ठरवलं होतं. त्यांना विचारलंच नव्हतं. चूक माझी. त्यांना कुणी काही बोलू नये."

ते चहा वाखाणणारे ज्येष्ठ भाऊ खाकरले. "बाईला विचारून चालणारा पुरुष..." त्यांनी सुरुवात केली.

"यांनी मला विचारलं होतं, बरं का," पहिल्या बाकावरून पाळकीणबाई म्हणाल्या. "दोनदा. पहिल्यांदा मी नाही म्हटलं होतं."

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. पाळकसाहेब पुस्तकाची पानं उलटू लागले. मग, वर न पाहता, मऊ आवाजात म्हणाले, "बस, पोरा. बरं केलंस."

मी निघाले त्या सकाळी तो बसस्थानकावर आला.

"सामान एवढंच?"

"एका माणसाचं किती असणार?"

त्याने वाकून खोक्याची दोरी घट्ट केली. "मी येऊ का तिकडे?"

हाच तो प्रश्न. आणि आता उत्तर मला तोलून द्यायचं होतं. ये म्हटलं असतं, तर त्याचं दुकान, त्याचं गाव, सगळं माझ्या एका शब्दाने सुटलं असतं. त्याने माझं परस्पर ठरवलं होतं, तसंच मी त्याचं ठरवलं असतं.

"मला तू हवा आहेस," मी म्हणाले. पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. "यायचं की नाही, ते तुझं तू ठरव."

"मला भीती वाटते गं."

"कशाची?"

"लोक म्हणतील, बायकोच्या मागे मागे गेला."

"म्हणतील."

"निदान खोटं तरी बोल."

"कसं बोलू? म्हणतीलच."

तो हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. बस सुरू झाली. खिडकीबरोबर चार पावलं चालत तो म्हणाला, "सात घड्याळं उघडून ठेवली आहेत. लोकांची आहेत, अर्धवट टाकता येत नाहीत. आठ दिवसांत संपवून येतो."

नवी जागा मोठी होती, माझ्या सामानाने ती भरेना. प्रयोगशाळेत दिवस जायचा. संध्याकाळी भिंती अंगावर यायच्या. मी फोन केला नाही, त्यानेही नाही. आठवा दिवस गेला. नववा गेला. दहाव्या दिवशी जेवण ताटात वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं.

अकराव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, जिन्यात पावलं वाजली. हातात अवजारांची पेटी, खांद्याला पिशवी, उन्हाने लाल झालेला घड्याळजी.

"एका घड्याळाचं चाक मिळत नव्हतं," तो धापा टाकत म्हणाला.

"कळवायचंस तरी."

"तू म्हणाली असतीस, ये तसाच. आणि मी आलो असतो. मला माझं ठरवून यायचं होतं."

समोरचं दार उघडलं. शेजारीणबाईंनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमचे मिस्टर का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "अजून विचारायचं आहे," तो त्यांना म्हणाला, आणि पेटी पायरीवर ठेवून, त्यांच्या देखतच, त्याने विचारलं.

मी लगेच हो म्हणाले नाही. अकरा दिवस मी वाट पाहिली होती... त्याला एक मिनिट तरी पाहू द्यावी, असं वाटलं.