चोक कोणी धरला होता?

विश्वास ठेवा, नका ठेवू. घडलं ते असं आहे. गेल्या हिवाळ्यात, माझ्या मामाच्या गॅरेजमध्ये. जुनी गाडी जायच्या आदल्या संध्याकाळी.

मामा थापा मारणारा माणूस नाही.

ती गाडी हँडल फिरवून सुरू व्हायची. थंडीत आतली चोकची मूठ ओढावी लागे. मूठ झिजलेली, सोडली की आत जायची. म्हणून दोघं लागत. मामा पुढे हँडलवर, मामी आत मूठ धरून.

"तुम्ही नुसती ताकद लावा, डोकं मी लावते," मामी म्हणायची.

मामी गेली आणि गाडी बंद पडली.

मुलाने नवी घेऊन दिली. "बाबा, बटण दाबायचं फक्त. दुसरं कोणी लागत नाही."

मामाला तेच खुपायचं.

जुनी गाडी जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका शौकिनाला द्यायचं ठरलं. त्या संध्याकाळी मामाने ती पुसली. बाहेर धुकं. घर रिकामं. शेवटचं म्हणून त्याने हँडल लावलं आणि सवयीने ओरडला, "धरलंस का गं?"



त्याने हँडल फिरवलं...

पहिल्याच फेरीत इंजिन धडधडलं.

आत कोणी नव्हतं. पण मूठ... पूर्ण बाहेर होती. इंजिन तापलं तशी ती हळूहळू आत सरकली. मामी सोडायची, अगदी तशी.

सकाळी मुलगा आणि शौकीन दारात हजर. मामा काय सांगणार होता? मामी आत आहे?

गाडी टोचन लावून नेली. मामा फाटकाशी उभा राहिला. गाडीबरोबर आपण तिलाही देऊन टाकलं, असं त्याला वाटलं.

दुपारी तो नव्या गाडीत बसला. बटण दाबलं.

टिंग... टिंग... टिंग...

शेजारच्या सीटचा पट्टा लावा, असा लाल दिवा.

सीट रिकामी होती.

मेकॅनिकने तपासलं. "काका, सेन्सर ठणठणीत आहे. कोणी बसल्याशिवाय वाजत नाही."

परवा मामा मला सोडायला निघाला. मी पुढचं दार उघडलं. रिकाम्या सीटवर पट्टा आधीच लावलेला.

"मागे बस," तो म्हणाला.

रस्ताभर तो हळू आवाजात बोलत होता. माझ्याशी नाही.

मध्येच कुत्रं आडवं आलं. मामाने ब्रेक दाबला.

तो पट्टा ताणला गेला...

कोणीतरी पुढे झुकल्यासारखा.