उजवा डोळा आधी

दिल्लीला लागून असलेल्या वैशालीतल्या आमच्या सातव्या मजल्यावरून तेव्हा, म्हणजे २००६ साली, नुसते खांब दिसायचे. मॉलचे, फ्लायओव्हरचे, अर्ध्या उभ्या टॉवरांचे. दिवसभर सिमेंट उडायचं. बाबा गेल्यावर सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून मी आणि आई इथे आलो आणि मागची खोली मी मूर्तिकामाला घेतली.

दिल्लीत मी ‘वो मराठी लड़की’, पुण्यात आत्याकडे ‘दिल्लीवाली’. ऐकून कान किटले होते. म्हणून पहिल्या प्रदर्शनासाठी स्वतःचंच डोकं करायला घेतलं, अर्धं मशीनचं, अर्धं हाताचं. नोएडात गाड्यांचे सुटे भाग स्कॅन करणाऱ्या वर्कशॉपमधल्या नीरजने माझा चेहरा स्कॅन केला. झोत डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटायला लावले. मशीनने थर्माकोलमधून डोकं कोरून दिलं. हुबेहूब मी, पण झोपलेली. त्यावर मी शाडूचा थर चढवला. डोळे मात्र बाबांच्या कोरणीने मीच उघडणार होते.

बाबा ऑफिस सांभाळून दर वर्षी घरी गणपती करायचे. दोन्ही डोळे एका बैठकीत. मध्ये घोटभर पाणीसुद्धा नाही. मी उजवा डोळा उघडला आणि आईने हाक मारली, पिठलं निवतंय. माती सुकू नये म्हणून डोक्यावर ओलं फडकं टाकलं आणि उठले. दोन्ही झाले का, तिने विचारलं. हा काय गणपती आहे, असं म्हणून मी हसले. ती हसली नाही.

जेवता जेवता उजव्या डोळ्यापुढे अंधारी आली. आधी वाटलं, सिमेंट गेलं असेल. धुतला. संध्याकाळपर्यंत त्या डोळ्याला एकच गोष्ट दिसत होती, करड्या उजेडात उभे-आडवे धागे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोनदा तपासलं. डोळा एकदम ठीक, म्हणाले. डावा झाकून तक्ता वाचायला सांगितला. मला धागेच दिसत होते.

घरी येऊन मी त्या डोक्यावरचं फडकं काढलं.

उजव्या डोळ्याला मी दिसले. पर्स खांद्यावर, हातात फडकं, तोंड उघडं.

अंगठ्याने मी मातीची पापणी दाबून मिटली, तर उजवीकडे मिट्ट काळोख. घाबरून पुन्हा कोरली. पुन्हा मी दिसले, कोरणी धरलेली, रडणारी.

आईला सगळं सांगितलं. तिने वेड्यात काढलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"अर्ध्यावरून उठलीस, म्हणून झालं. दुसरा उघड, सुटशील," ती म्हणाली.

"आणि तोही गेला तर? एकच उरलाय, आई."

प्रदर्शनाला मी नकार कळवला. डोकं फळीवर ठेवलं, उघडंच. तासातासाला त्यावर पाणी शिंपडत राहिले. खोलीबाहेर असले की एका डोळ्याने समोरचं आणि दुसऱ्याने ती रिकामी खोली बघायचे. जीव नुसता टांगणीला लागला होता. आई रोज तोच विषय काढायची, मी रोज तिच्यावर खेकसायचे.

रविवारी सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. उजव्या डोळ्याला आई खोलीत येताना दिसली. चष्मा लावलेला, हातात कोरणी. तिचे ओठ हलत होते. ती जवळ आली आणि तिचा हात डाव्या बाजूला वळला.

"आई, नको!"

मी धावले. हॉल ओलांडला. पॅसेजमध्ये डावा डोळा विझला.

भिंत धरून पुढे गेले.

आणि मग स्वच्छ दिसलं. दोन्ही डोळ्यांनी, अगदी जवळून, आईचा चेहरा.

"दिसतंय ना गं?" तिने मला विचारलं. पदराने माझ्या गालावरची ओली माती टिपली.

तिच्या पाठीमागे दारात माझ्याच कपड्यांतली एक बाई चौकट चाचपडत उभी होती. आईने वळूनही पाहिलं नाही.