पाण्याखालची टिकटिक

पाच दिवस फियोर्डांतून, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांतून, हिंडायचं आणि शेवटच्या दिवशी सहा पाहुण्यांना देवमासा दाखवायचा, एवढाच आमच्या सहलीचा हेतू. माझा मात्र आणखी एक होता. मला माझी खुर्ची परत हवी होती.

एकोणीस उन्हाळे त्या खुर्चीत बसून मी कानांना हेडफोन लावले. पाण्यात मायक्रोफोन सोडायचा, इंजिन बंद करायचं आणि खोल बुडालेल्या देवमाशाची टिकटिक ऐकायची. टिकटिक थांबली, की तो वर येणार. मग हलायचं नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याने, एलर्टने, ती खुर्ची त्याच्या पुतणीला दिली. सिन्ने, वय बावीस. आणि मी वॅफल भाजायला!

"तुझ्यासारखे वॅफल कुणाला जमतात का?" एलर्ट म्हणाला.

"वॅफलना कान लागत नाहीत, असं सरळ म्हण की."

हिवाळ्यापासून मला कमी ऐकू येत होतं. पण ते कबूल कोण करणार?

शेवटच्या दिवशी दुपारी फियोर्डच्या तोंडाशी धुकं उतरलं. त्या काळी आमच्या बोटीवर नकाशाचा पडदा नव्हता. होकायंत्र होतं आणि एलर्ट होता. एलर्टने इंजिन बंद केलं. तेवढ्यात पाहुण्यांपैकी बर्गनच्या मास्तरांना ओकारी झाली आणि सिन्ने बादली घेऊन पळाली. मी झटकन हेडफोन चढवले.

शांत. अगदी शांत!

"थांबली टिकटिक! वर येतोय! कुणी हलू नका!"

सगळे कठड्याला चिकटले. पाच मिनिटं. दहा. पाण्याची ओढ आम्हाला हळूहळू कुठेतरी नेत होती. सिन्ने परतली, माझ्या कानांवरचे हेडफोन काढून तिने स्वतःच्या कानांना लावले आणि ती पांढरीफटक पडली.

"काका, डावीकडे लाटा फुटतायत! खडक!"

एलर्टने झेप घेतली. इंजिन खोकलं. बंद पडलं. पुन्हा खोकलं... धरलं! बोट मागे सरली. धुक्यातून काळा, ओला खडक वर आला, एका वल्ह्याच्या अंतरावर!

"थांबली म्हणालीस ना तू?" एलर्टने घाम पुसत विचारलं.

"थांबली होती, काका. मग परत सुरू झाली," सिन्ने पटकन म्हणाली.

खोटं! माझ्यासाठी. तिचे कान चांगले होतेच, आता मनही चांगलं निघालं. माझा नुसता जळफळाट झाला.

"ती सांभाळून घेतेय मला," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "मला ऐकू येत नाही, एलर्ट. खुर्ची तिचीच."

"ठाऊक आहे गं," तो हळूच म्हणाला.

खडकांपासून दूर आल्यावर इंजिन पुन्हा बंद झालं. बऱ्याच वेळाने सिन्नेने हात वर केला. "आता थांबली."

पण कुठे? धुक्यात हातभर पुढचं दिसेना. तेवढ्यात कुजक्या माशांचा ओळखीचा भपकारा आला.

"उजवीकडे!" मी ओरडले. "त्याच्या श्वासाचा वास आहे हा!"

धुकं फाटलं. काळी पाठ, मग शेपटी! आभाळाला टेकल्यासारखी उभी राहिली आणि बुडाली.

"काकू, काय नाक आहे तुझं!" सिन्ने म्हणाली.

त्या संध्याकाळी सगळ्यात खरपूस वॅफल मी तिला दिला. त्यावरचं गोडसर तपकिरी चीज मात्र जरा पातळच कापलं.