दहाव्या शेडसमोरचा माणूस

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांची आहे. पटो न पटो, त्यांच्या जबानीचा कागद मी स्वतः वाचलाय.

साल १९७९, फेब्रुवारी. शनिवार, दुपारचे तीन. बहारीनमध्ये हूराला एक सर्व्हे ऑफिस होतं.

दत्ताराममामा मूळचे मालवणचे. त्या ऑफिसात नकाशे काढायचे. गुरुवारी झल्लाकच्या किनाऱ्यावर वादळ झालं होतं. समुद्र आत शिरला, मजुरांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या शेड कोलमडल्या. शुक्रवारी सकाळी विमानातून त्या जागेचे फोटो काढले. फोटोत जे जे पडलेलं दिसेल, त्याची नकाशावर लाल खूण करायची, हे मामांचं काम.

त्यासाठी स्टिरिओस्कोप असायचा. दोन भिंगांचं यंत्र. खाली एकाच जागेचे दोन फोटो ठेवायचे, काही सेकंदांच्या अंतराने काढलेले. डोळे लावले की कागदावरची घरं उभी राहतात.

नऊ शेड झोपल्या होत्या. नऊ लाल खुणा झाल्या.

दहाव्या शेडसमोर एक माणूस होता.

जमिनीच्या वर... तरंगत.

मामा घाबरले नाहीत. दोन फोटोंच्या मधल्या वेळात कुणी चाललं, तर यंत्रात असं दिसतं कधीकधी. त्यांनी पुढची जोडी लावली.

आता माणसं दोन. मागच्याचा हात वर. हातात लांब पहार.

पुढची जोडी...

एक जण आडवा. वाळूवर काळा डाग.

पुढच्या जोडीत पहार पुन्हा वर.

मामांनी भिंगं पुसली. शेवटची जोडी लावली.

मारणारा नव्हता. पडलेला मात्र उताणा झाला होता. अर्धी कवटी फुटलेली. आणि डोळे उघडे... थेट भिंगात बघत होते.

इतक्या उंचीवरून माणसाचे डोळे दिसूच शकत नाहीत.

मामांना दिसले.

"इलायस, जरा इकडे ये."

इलायस वसईचा. डार्करूममध्ये फोटो धुवायचा. त्याने वाकून भिंगाला डोळे लावले.

"शेड आहे, वाळू आहे. माणूस कुठाय, दत्ता?"

मामांनी नुसते फोटो हातात घेतले. त्यात कुणीच नव्हतं. पुन्हा यंत्रात बघितलं...

होता.

"पोलिसात जाऊ या," मामा म्हणाले.

"काय सांगणार? कागदावर नाही ते? व्हिसा जाईल दोघांचा."

शेवटी ठरलं. खुणा तपासायच्या निमित्ताने जागेवर जायचं.

रविवारी सकाळी अकराला दोघे झल्लाकला पोचले. लख्ख ऊन. कॅम्पाचा मुकादम गुंडू, कोल्हापूरकडचा धिप्पाड गडी, त्यांच्या पाठोपाठ फिरत होता.

"सगळी माणसं आहेत ना, गुंडूभाऊ?" मामांनी विचारलं.

"हायत की. बाळाजी तेवढा न्हाई. त्यो वादळाच्या आदीच गावाला गेलाय."

मामांनी शेडच्या कोपऱ्यापासून टेप धरली. बारा फूट. फोटोतली जागा तीच.

"इथे थोडं खणायचंय. पाया बघायचाय."

"तितं पाया न्हाई सायेब." गुंडूचा आवाज बसला. "खलास झालं काम. यल्ला, निघा आता."

इलायसने फावडं मारलं. पुन्हा मारलं.

तिसऱ्यांदा फावड्याला कापड लागलं. मग मनगट. मग केस... आणि फुटलेली कवटी.

मागे वाळू करकरली.

मामा वळले. गुंडूने पहार डोक्यावर उचलली होती. मामांनी डोळे मिटले.

घाव बसला नाही.

त्यांनी डोळे उघडले. पहार हवेतच अडकली होती. गुंडू दात-ओठ खाऊन ती खाली ओढत होता.

मग त्याचा खांदा कडकन मोडला... हात मागे पिळवटले... आणि पहार त्याच्याच डोक्यात बसली.

रक्ताची चिळकांडी इलायसच्या शर्टावर उडाली. गुंडू गुडघ्यांवर आला. पहार पुन्हा उठली. पुन्हा बसली. तो आईला हाका मारत होता. हाका थांबल्या, तरी पहार थांबली नाही.

मग ती वाळूत पडली.

प्रेत बाळाजीचंच निघालं. डॉक्टर म्हणाले, मरून आठ दिवस झाले. म्हणजे वादळाच्या आधी, विमान उडायच्याही आधी. मग फोटोत जे घडत होतं, ते कधीचं?

गुंडूचे घाव डोक्याच्या मागे होते. असे घाव माणूस स्वतःला घालू शकत नाही, असंही डॉक्टरांनी लिहून दिलं. पाच दिवस चौकशी झाली. पहारीवर ठसे फक्त गुंडूचे होते, म्हणून दोघे सुटले. पोलिसांनी ते फोटो यंत्रातून बघितले. कुणालाच काही दिसलं नाही.

इलायस महिन्याभरात वसईला परतला. मामा तिथे आणखी सात वर्षं राहिले, पण ते काम त्यांनी सोडलं.

त्यांच्या जबानीत एकच ओळ आहे: 'गुंडूने पहार उचलली व स्वतःला मारून घेतले.'

गेल्या वर्षी मालवणला गेलो तेव्हा मी विचारलं, "मामा, हे खरं ना?"

त्यांनी मथुरामामी आत जायची वाट बघितली.

"खरं. फक्त एक लिहिलं नाही."

"काय?"

"पहारीवर दोन हात नव्हते, बाबू. चार होते."

दोन गुंडूचे, मग बाकीचे दोन कुणाचे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. कारण ते सांगताना मामा माझ्याकडे बघतच नव्हते...

स्वतःच्या हातांकडे बघत होते.